लहान मुलांचा ल्युकेमिया आणि पेशींना मरायला लावणारी औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुलाची केमो सुरू असलेल्या आईवडिलांसाठी आणि नव्याने बालकर्करोग विभागात आलेल्या परिचारिका व विद्यार्थ्यांसाठी आहे. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. मुख्यतः तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाबद्दल (एएलएल) लिहिले आहे, कारण मुलांमध्ये तोच सर्वाधिक आढळतो. डोसचे आकडे हिशेब कसा होतो हे कळण्यासाठी दिले आहेत. प्रत्येक मुलाचा प्रोटोकॉल (उपचारांचा ठरलेला आराखडा) वेगळा असतो, त्यामुळे डोस नेहमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावरूनच घ्यायचा.

औषध पेशीला "मरायला लावते" म्हणजे नेमके काय करते?

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत स्वतःला संपवण्याची यंत्रणा जन्मापासून असते. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी तिला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. पेशीच्या डीएनएला इजा झाली, पोषण तुटले किंवा बाहेरून तसा इशारा आला की बिम, प्युमा, नॉक्सा यांसारखी प्रथिने जागी होतात. ती बॅक्स आणि बॅक या दोन प्रथिनांना मोकळे करतात आणि ही जोडी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या आवरणाला भोके पाडते. त्यातून सायटोक्रोम सी बाहेर झिरपले की कॅस्पेझ-९ आणि पाठोपाठ कॅस्पेझ-३ ही विकरे (एन्झाइम) कामाला लागतात. ती पेशीतील प्रथिने कापत सुटतात, डीएनएचे तुकडे होतात, पेशी आकसते आणि तिचे बारीक पुडके भक्षक पेशी गिळून टाकतात. आवरणाला भोके पडल्यावर पेशी सहसा मागे फिरत नाही.

दुसरी वाट पेशीच्या पृष्ठभागावरच्या 'मृत्यू-ग्राहीं'मधून (बाहेरचा मृत्यूचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनांमधून) आणि कॅस्पेझ-८ मधून जाते. पुढे दोन्ही वाटा कॅस्पेझ-३ पाशीच येऊन मिळतात.

मग ल्युकेमियाच्या पेशी स्वतःहून का मरत नाहीत?

कारण त्यांच्यात बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१ ही संरक्षक प्रथिने जास्त असतात. ती बिमसारख्या प्रथिनांना धरून ठेवतात, पुढे जाऊ देत नाहीत. बीसीएल-२ पेशींची संख्या वाढवण्याऐवजी त्यांचे मरणे लांबवते, हे १९८८ मध्ये व्हॉ, कोरी आणि अॅडम्स यांनी दाखवले. कर्करोग म्हणजे फक्त बेसुमार वाढ, ही समजूत तिथून बदलू लागली.

मुलांच्या बाबतीत दिलासा देणारी गोष्ट अशी की निदानाच्या वेळी त्यांच्या एएलएलमध्ये पी-५३ या, डीएनएला इजा झाल्यावर मरण्याचा इशारा देणाऱ्या जनुकाचा बिघाड क्वचितच असतो. म्हणजे मरण्याची यंत्रणा शाबूत असते, फक्त रोखून धरलेली असते. थोडा धक्का दिला तरी पेशी कोसळते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या आजारातून दहांत एकही मूल दीर्घकाळ जगत नसे. आज पूर्ण उपचार व्यवस्थित मिळतात तिथे सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. या फरकातला मोठा वाटा जुन्याच औषधांच्या नेमक्या जोडणीचा आहे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ज्या ल्युकेमियात गुणसूत्रांची संख्या खूप घटलेली असते (लो हायपोडिप्लॉइड), त्यात पी-५३ बहुतेकदा बिघडलेले असते आणि मुलांमध्ये जवळपास निम्म्या वेळा तो बिघाड जन्मजात असतो. अशा वेळी घरातल्या इतरांचीही जनुकीय तपासणी सुचवली जाते. ती टाळू नये.

डोस "चौरस मीटर"मध्ये का सांगतात?

बहुतेक औषधे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर मोजतात. उंची (सेंटिमीटर) गुणिले वजन (किलो), भागिले ३६००, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ. ११० सेंटिमीटर उंची आणि १८ किलो वजनाच्या मुलाचे क्षेत्रफळ साधारण ०.७४ चौरस मीटर येते. पुढची सगळी उदाहरणे याच मुलाची आहेत. स्टेरॉइडमुळे वजन भराभर वाढते, आजारात उतरते, म्हणून प्रत्येक नव्या टप्प्याआधी उंची-वजन पुन्हा घेतले आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. अगदी लहान बाळांसाठी काही औषधे किलोवर किंवा कमी प्रमाणात मोजतात.

सुरुवात स्टेरॉइडनेच का?

कारण लिम्फ पेशींना स्टेरॉइड थेट मृत्यूचा हुकूम देते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन पेशीत शिरून आपल्या ग्राहीला चिकटते, ही जोडी केंद्रकात जाऊन जनुके चालू-बंद करते आणि बिमचे प्रमाण वाढते. वर सांगितलेली साखळी तिथून सुरू होते.

काही प्रोटोकॉलमध्ये पहिले सात दिवस प्रेडनिसोलोन आणि पाठीतून (मणक्यातल्या पाण्यात) मेथोट्रेक्सेटचे एक इंजेक्शन, एवढेच देतात. प्रेडनिसोलोनचा पूर्ण डोस ६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर रोज, म्हणजे आपल्या मुलाला सुमारे ४४ मिलिग्रॅम, दिवसात विभागून. आठव्या दिवशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १००० पेक्षा कमी ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी) उरले तर 'प्रतिसाद चांगला' म्हणतात. एवढ्या साध्या मोजणीवरून पुढचा धोका बराचसा कळतो, कारण स्टेरॉइडने ज्या पेशी मरत नाहीत त्या बाकीच्या औषधांनाही अनेकदा चिवट निघतात.

डेक्सामेथासोन मेंदूभोवतीच्या पाण्यात जास्त पोचते, म्हणून आजार मज्जासंस्थेत उलटण्याचे प्रमाण घटते. त्याची किंमतही आहे : जंतुसंसर्ग, चिडचिड, झोप उडणे आणि विशेषतः दहा वर्षांपुढच्या मुलांमध्ये मांडीच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा भाग मृत होणे. मूल लंगडू लागले तर 'खेळताना लागले असेल' म्हणून सोडून देऊ नका. स्टेरॉइड सुरू असताना ताप दबून राहतो, त्यामुळे मूल मलूल दिसले तर तापमापी काहीही दाखवो, फोन करायचा. आणि हे औषध आपणहून एकदम बंद करायचे नाही.

निदानाआधी स्टेरॉइड दिले गेले तर काय बिघडते?

बरेच बिघडते. सांधेदुखी, अंगावर निळे डाग, गळ्यात गाठी किंवा प्लेटलेट कमी अशा तक्रारींवर रक्ताची तपासणी नीट न करता स्टेरॉइड दिले की ब्लास्ट मरतात, रक्त काही दिवस सुधारल्यासारखे दिसते आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत निदान धूसर होते. आजार सुरुवातीला किती पसरला होता, पांढऱ्या पेशी किती होत्या हे कळत नाही, त्यामुळे मुलाला कोणत्या धोका-गटात टाकावे हा प्रश्न उभा राहतो. शिवाय अचानक पेशी मेल्याने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. आधी कोणतेही स्टेरॉइड दिले असेल, दम्याच्या औषधातले असो वा इंजेक्शन, तर तारीख आणि डोससह डॉक्टरांना सांगा.

व्हिन्क्रिस्टिन कसे मारते, आणि त्याबद्दल इतकी सावधगिरी का?

पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणारे सूक्ष्म धागे लागतात. व्हिन्क्रिस्टिन ते धागे बांधूच देत नाही. विभाजनाच्या मध्यावर अडकलेली पेशी मग मृत्यूची साखळी चालू करते. डोस १.५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, कमाल २ मिलिग्रॅम. आपल्या मुलाला १.१ मिलिग्रॅम.

तसेच धागे मज्जातंतूंतही असतात, म्हणून बद्धकोष्ठ, जबडादुखी, पाऊल उचलता न येणे हे त्रास होतात. शौचास साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून लागते, पोट फुगल्यावर नव्हे. बुरशीवरची व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल ही औषधे सोबत असतील तर व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचते आणि हे त्रास तीव्र होतात. पर्याय आहेत, विचारा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हे औषध फक्त शिरेतून. पाठीतून गेले तर ते जवळजवळ नेहमीच जीवघेणे ठरते. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले. पाठीतले इंजेक्शन आणि व्हिन्क्रिस्टिन एकाच खोलीत एकाच वेळी आणले जाऊ नये, हा नियम प्रत्येक विभागात कडक असायला हवा. पालकांनीही तो विचारावा.

अस्पॅराजिनेज तर विकर आहे, ते पेशी कशी मारते?

उपाशी ठेवून. बहुतेक निरोगी पेशी अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवतात. एएलएलच्या पेशींना ते पुरेसे जमत नाही, त्या रक्तातून घेतात. औषध रक्तातले अस्पॅराजिन तोडून टाकते, प्रथिने बनणे थांबते आणि पेशी मरते. याची खूण १९५३ मध्ये किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवात सापडली होती. त्या रक्तद्रवाने उंदरांमधल्या लिम्फोमाच्या गाठी वितळल्या.

पेगअस्पॅराजिनेजचा नेहमीचा डोस २५०० युनिट प्रति चौरस मीटर. रक्तातली क्रिया प्रति मिलिलिटर ०.१ युनिटच्या वर राहायला हवी. इथे एक फसवा प्रकार होतो. काही मुलांत पुरळ, धाप असे काहीच न दिसता शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि औषध निकामी होते. अॅलर्जी दबावी म्हणून आधी औषधे दिली असतील तर हे आणखी झाकले जाते. रक्तातली क्रिया मोजली तरच कळते, आणि मग एर्विनिया जिवाणूपासून केलेले अस्पॅराजिनेज देतात.

पोटात वरच्या बाजूला सतत दुखणे आणि उलट्या (स्वादुपिंडाचा दाह), किंवा तीव्र डोकेदुखी, झटका, एका बाजूची कमजोरी (मेंदूतल्या शिरेत गुठळी) दिसली तर वाट बघू नये.

डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिनचे काय?

ही लाल रंगाची औषधे डीएनएचे दोन्ही पदर तोडतात आणि पी-५३ मार्फत प्युमा व नॉक्सा जागे होतात. लघवी लाल-केशरी दिसते, ते रक्त नव्हे. हृदयावरचा परिणाम मात्र आयुष्यभर जमा राहतो. एकूण डोस २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरला पोचला की पुढे हृदयविकाराचा धोका जास्त धरतात. आतापर्यंतचा एकूण डोस फाइलमध्ये लिहिलेला असावा आणि फाइल मूल मोठे झाल्यावरही जपावी.

इंडक्शनमध्ये (उपचाराच्या पहिल्या टप्प्यात) पेशी मरतात ते ठीक, पण एकदम मेल्या तर?

त्यालाच ट्यूमर लायसिस म्हणतात. पहिल्या काही दिवसांतली ही खरी आणीबाणी असते. असंख्य पेशी एकदम फुटल्या की भक्षक पेशींना ते आवरत नाही. पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल रक्तात वाढते, कॅल्शियम घसरते. पोटॅशियमने हृदयाची लय बिघडते, युरिक आम्ल व फॉस्फेटच्या खड्यांनी मूत्रपिंड बंद पडते. एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर असणे, मोठी प्लीहा, छातीत गाठ, आधीच वाढलेले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) असेल तर धोका अधिक.

बचाव औषधाच्या आधी सुरू होतो. सलाईन साधारण ३ लिटर प्रति चौरस मीटर रोज, आपल्या मुलाला सुमारे २.२ लिटर, आणि त्यात पोटॅशियम नाही. लघवी मोजायची, रक्त दर ६ ते ८ तासांनी तपासायचे. धोका कमी असेल तर अॅलोप्युरिनॉल पुरते. ते नवे युरिक आम्ल बनणे थांबवते, पण आधी साचलेले तसेच राहते. धोका मोठा असेल तर रॅस्ब्युरिकेज देतात, जे साचलेलेही काही तासांत तोडते.

रॅस्ब्युरिकेजच्या दोन चुका महागात पडतात. जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची) कमतरता असलेल्या मुलाला दिले तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून ती तपासणी किंवा निदान घरातला इतिहास आधी हवा. दुसरी, औषध दिल्यावर घेतलेली रक्ताची नळी बर्फात ठेवली नाही तर नळीतच युरिक आम्ल तुटत राहते आणि अहवाल खोटा 'नॉर्मल' येतो. तसेच कॅल्शियम कमी दिसले, पण लक्षणे नाहीत, तर घाईने कॅल्शियम देत नाहीत. जास्त फॉस्फेटशी मिळून ते ऊतींत साचते.

रक्त स्वच्छ झाले, तरी दोन-अडीच वर्षे उपचार कशासाठी?

निदानाच्या वेळी शरीरात अंदाजे एक लाख कोटी ल्युकेमिया पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जेत ५ टक्क्यांहून कमी ब्लास्ट दिसले की रेमिशन म्हणतात. त्याहून बारीक तपासणी म्हणजे एमआरडी (उरलेल्या मोजक्या पेशी शोधणे), तिची नेहमीची सीमा ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजारांत एक पेशी. हिशेब करून बघा : ही सीमा गाठली तरी शरीरात कोट्यवधी पेशी असू शकतात. त्यातल्या काही विभाजन थांबवून निपचित पडलेल्या असतात आणि विभागणाऱ्या पेशींना गाठणारी औषधे त्यांना लागूच होत नाहीत. त्या जाग्या होतील तेव्हा औषध हजर हवे, म्हणून मेंटेनन्स.

त्यात रोज ६-मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. पहिले डीएनएमध्ये खोटी वीट बसवते, दुसरे खऱ्या विटा बनू देत नाही, आणि दुरुस्ती जमेना की पेशी मरते. मेथोट्रेक्सेट २० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे आपल्या मुलाला सुमारे १५ मिलिग्रॅम : २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, आठवड्यातून एकाच दिवशी. हीच गोळी चुकून रोज दिली गेल्याने मृत्यू झालेले आहेत. वार ठरवा, डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, दोन्ही औषधे वेगळ्या डब्यांत ठेवा.

६-मर्कॅप्टोप्युरिन ५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर धरले तर रोज ३७ मिलिग्रॅम होते. गोळी ५० मिलिग्रॅमची असते आणि पाऊण गोळी नीट तुटत नाही, म्हणून एक दिवस पूर्ण, एक दिवस अर्धी अशी आखणी करतात. हे औषध शरीरात निष्प्रभ करणाऱ्या टीपीएमटी किंवा न्युड्ट-१५ या जनुकांच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीचा डोस अतिशय जास्त ठरतो. डोस अनेक पटींनी कमी लागतो. न्युड्ट-१५ चा दोष पूर्व आणि दक्षिण आशियाई लोकांत तुलनेने जास्त आढळतो, तेव्हा ही तपासणी उपलब्ध असेल तर करून घ्यावी.

महिन्यातले एक-दोनपेक्षा जास्त डोस चुकले, म्हणजे ९५ टक्क्यांहून कमी डोस पोटात गेले, तर आजार उलटण्याचा धोका सुमारे अडीच पट होतो असे अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले आहे. मूल हसतेखेळते असताना औषध चुकते, हेच त्यातले दुखणे आहे. चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायचा नाही.

जास्त डोसचे मेथोट्रेक्सेट देताना 'रेस्क्यू' का करतात?

शिरेतून २४ तासांत ५ ग्रॅम प्रति चौरस मीटरपर्यंत औषध जाते. निरोगी पेशी वाचवण्यासाठी ल्युकोव्होरिन हा उतारा, अनेक प्रोटोकॉलमध्ये ४२ व्या तासापासून, देतात. लवकर दिला तर ल्युकेमियाही वाचतो, उशिरा दिला तर तोंड, आतडी आणि मूत्रपिंड होरपळते. रक्तातली पातळी ४२ तासांना १ आणि ४८ तासांना ०.४ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत आली नाही तर ल्युकोव्होरिन वाढवतात. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ओमेप्राझोलसारखी आम्लपित्ताची औषधे आणि कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक यांनी मेथोट्रेक्सेट शरीरात रेंगाळते. या काळात ती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा.

काही पेशी तरीही का वाचतात?

वेगवेगळ्या पळवाटा असतात. स्टेरॉइडचा ग्राहीच गमावणे, क्रेब-बीपी जनुकातला बदल, किंवा एनटी-५-सी-२ जनुकातला असा बदल की ६-मर्कॅप्टोप्युरिनचे सक्रिय रूप पेशी बाहेर टाकते. आजार उलटल्यावर हे बदल जास्त दिसतात. एकच औषध दिले की अशा पेशींना मोकळे रान मिळते. म्हणूनच एका वेळी वेगवेगळ्या वाटांनी धक्का देणारी तीन-चार औषधे.

व्हेनेटोक्लॅक्स मुलांना पहिल्या उपचारातच का देत नाहीत?

हे औषध बीसीएल-२ च्या खोबणीत बसून धरलेले बिम सोडवते, म्हणजे यंत्रणेच्या मुळाशीच हात घालते. २०१६ मध्ये अमेरिकेत ते मोठ्यांच्या जुनाट लिम्फोसायटिक ल्युकेमियासाठी मंजूर झाले. मुलांत आजार उलटल्यावर किंवा चाचण्यांमध्ये ते वापरले जाते, पण पहिल्या उपचाराचा नेहमीचा भाग नाही. कारण असे की सगळे ल्युकेमिया बीसीएल-२ वर जगत नाहीत. टी-पेशींच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमियाच्या अगदी कोवळ्या प्रकारात त्याच्यावर भिस्त जास्त असते, तर इतर अनेकांत बीसीएल-एक्सएल किंवा एमसीएल-१ आधार देते. बीसीएल-एक्सएल अडवणारे नॅव्हिटोक्लॅक्स दिले की प्लेटलेटही पडतात, कारण त्यांचे आयुष्य त्याच प्रथिनावर टिकते. एमसीएल-१ अडवणाऱ्या औषधांच्या काही चाचण्या हृदयावरील परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या.

ब्लिनाट्युमोमॅब हे केमोपेक्षा वेगळे कसे?

ते एका हाताने ब्लास्टवरचे सीडी-१९ हे प्रथिन आणि दुसऱ्या हाताने मुलाची स्वतःची टी-पेशी धरते. टी-पेशी परफोरिनने छिद्र करून ग्रॅन्झाइम आत सोडते आणि ते कॅस्पेझ जागे करते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आजार उलटण्याचा धोका सरासरी किंवा त्याहून जास्त असलेल्या 'स्टँडर्ड-रिस्क' बी-एएलएलमध्ये (बी-पेशींच्या एएलएलमध्ये) केमोला याची दोन आवर्तने जोडल्यावर तीन वर्षे आजाराविना राहणाऱ्या मुलांचे प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेले. मुलांच्या ल्युकेमियात इतकी मोठी उडी क्वचितच दिसते.

औषध शरीरात दोन-एक तासच टिकते, म्हणून पंपाने २८ दिवस अखंड देतात. पंप थांबला तर लगेच कळवा. चार तासांहून अधिक खंड पडला तर पुन्हा सुरुवात रुग्णालयातच करतात. ज्या नळीतून ते चालू आहे ती कधीही फ्लश करायची (सलाईन ढकलून धुवायची) नाही, आतले औषध एकदम ढकलले जाते. ताप, थरथर, अक्षर बदलणे, शब्द न सुचणे या खुणांवर लक्ष ठेवा. मुलाला रोज एक वाक्य लिहायला लावण्याची पद्धत म्हणूनच उपयोगी आहे.

फिलाडेल्फिया गुणसूत्र आणि मायलॉइड प्रकारात काय बदलते?

फिलाडेल्फिया प्रकारात बीसीआर-एबीएल हे प्रथिन पेशीला सतत 'जग' असा संदेश देते. इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब रोज देऊन तो तोडतात, सोबत केमो असतेच. मायलॉइड ल्युकेमियात सायटाराबिन आणि अँथ्रासायक्लिन (डॉनोरुबिसिनच्या गटातली औषधे) हा कणा आहे. त्यातल्या प्रोमायलोसायटिक प्रकारात एट्रा (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड चालते. इथे पेशी आधी प्रौढ होतात आणि मग मरतात. सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्रावाने मृत्यू ओढवू शकतो, म्हणून नुसती शंका आली तरी जनुकीय अहवालाची वाट न बघता एट्रा सुरू करतात.

निरोगी पेशीही मरतात ना?

हो. भराभर विभागणाऱ्या सगळ्या : केसांची मुळे, तोंड-आतड्याचे अस्तर, मज्जा. त्यातली जीवावर बेतणारी गोष्ट म्हणजे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटणे. ताप ३८.३ अंश सेल्सियस एकदा, किंवा ३८ अंश तासभर टिकला तर ताबडतोब रुग्णालय, रात्र असली तरी. पहिले प्रतिजैविक पोचल्यापासून ६० मिनिटांच्या आत जायला हवे. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप लपवू नका. गुदद्वारातून ताप मोजू नका, तिथून औषधही देऊ नका.

एखादा वनस्पतीचा अर्क "कर्करोगाच्या पेशी मारतो" असे वाचले. सोबत द्यावा का?

काचेच्या बशीत पेशींवर ओतल्यावर अपॉप्टोसिस घडवणारे पदार्थ शेकडो आहेत. कर्क्युमिन त्यातलेच एक. अडचण प्रमाणाची आहे. बशीत जेवढी तीव्रता वापरतात तेवढी तोंडाने घेऊन रक्तात पोचत नाही. उलट अनेक अर्क यकृतातली विकरे बदलून व्हिन्क्रिस्टिन किंवा इमॅटिनिबची पातळी वर-खाली करतात. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती त्याचे ठळक उदाहरण. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही फोलिक आम्ल असते आणि मेथोट्रेक्सेटचे कामच फोलेटची वाट बंद करणे हे आहे. घरात असे काही सुरू असेल तर बाटली किंवा पाकीट पुढच्या भेटीत सोबत आणा, म्हणजे घटक वाचून काय थांबवायचे ते तिथेच ठरवता येते.